आजोबांची निधनवार्ता

“इंग्रजी शाळेतली पोरगी, जित्या माणसाला मारून मोकळी झाली बघा,” बाहेरच्या खोलीत कुणीतरी म्हणालं, आणि मी स्वयंपाकघराच्या दाराआड आणखी सरकले. निशिगंधाचा वास आला की अजून माझे कान तापतात. बदनापूरच्या आमच्या विहाराची वेबसाइट मी सांभाळायचे. समाजात कुणी वारलं की तिच्यावरून सगळ्यांना ईमेल जायचा, पण काही दिवस तो जातच नव्हता. सेटिंग बदलून मी चाचणीसाठी एक निधनवार्ता टाकली. नाव सुचेना, म्हणून समोर पेपर वाचत बसलेल्या आजोबांचं लिहिलं. ईमेल फक्त मलाच येईल अशी माझी समजूत होती. तासाभरात पांढऱ्या कपड्यांतली माणसं निशिगंधाचे हार घेऊन दारात आली आणि दार आजोबांनीच उघडलं. “या, बसा. लई जल्दी आलात, माझी अंघोळ बी न्हाई झाली,” ते म्हणाले. सगळे हसले. ते हसणं मला रागावण्यापेक्षा जड गेलं. मग शेजारच्या मावशी मोबाइल कानावरून काढत म्हणाल्या, “अहो, तीर्थपुरीची तुमची बहीण एसटीत बसून रडून राह्यली.” कुणीच हसलं नाही. आजोबांनी बहिणीला फोन लावला, आत आले आणि तो माझ्या हातात दिला. “तूच सांग. माझा आवाज ऐकला तर चक्कर येऊन पडंल ती.” मी कधीच कुणाशी फोनवर धड बोलत नसे. पलीकडून हुंदके ऐकू येत होते आणि बाहेरची सगळी माणसं ऐकत होती. “आत्याआजी,” मी म्हणाले, “रडू नका. आजोबा बरे आहेत. ते मी लिहिलं होतं.”