युरिआगेच्या दारातलं पाणी

या प्रवासाचं मूळ माझा आगाऊपणा. तोक्योशेजारच्या इचिकावात आम्हा परदेशी लोकांना दर शनिवारी फुकट जपानी शिकवतात त्या एन्दो सेन्सेई, म्हणजे आमच्या बाई, सत्तरीच्या. त्यांचं गाव युरिआगे, सेन्दाईजवळ समुद्रकाठी. गावाच्या नावातलं एक अक्षर जपानी लोकांनाही सहसा वाचता येत नाही: 閖. बाहेर दार, आत पाणी. मी घरी शब्दकोश धुंडाळला आणि भर वर्गात अक्कल पाजळली: जपानी उच्चार युरी, चिनी उच्चार लाव, अर्थ पुराचं पाणी. वर्गानं टाळ्या वाजवल्या. सेन्सेईंनी फळा पुसला आणि तास लवकर संपवला.

त्यांचा थोरला भाऊ २०११च्या त्सुनामीत तिथेच गेला, हे मला नंतर वर्गातल्या एकीनं सांगितलं. अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायला गेले, तर म्हणाल्या, त्याच्या अंत्यविधीनंतर गावी गेलेच नाही, एकटीला धीर होत नाही, तुम्ही येता का?

रविवारी निघालो. तोक्योहून सकाळची पहिली शिन्कान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, दोन तासांत सेन्दाई. एका बाजूचे अकरा हजार येनच्या आसपास, खिशाला चाट बसतेच. पुढे साध्या गाडीनं नातोरी, तिथून बस. तुम्हीही रविवारच धरा, बंदरावर सकाळी बाजार भरतो. शिंपले घ्यायचे आणि तिथल्याच शेगडीवर आपले आपण भाजायचे. मी शाकाहारी, कणीस भाजलं. सेन्सेईंनी दोन शिंपले भाजले, एक खाल्ला, दुसरा कागदात गुंडाळला.

गाव नवं आहे, रस्ते रुंद, घरं कोरी. सेन्सेईंना एकही कोपरा ओळखता येईना. स्मारकाच्या दगडावर मात्र भावाचं नाव लगेच सापडलं. तिथे त्यांनी शिंपला ठेवला. माझ्याच्यानं राहवेना, मी पुन्हा माफी मागितली.

"शब्दकोश बरोबरच आहे," त्या म्हणाल्या. "पण आमच्याकडे सांगतात, देवळाच्या दारातून समुद्र दिसायचा म्हणून हे अक्षर. लहानपणी मी त्या दारात बसायची. दादाची होडी आली की आधी मला दिसायची."

मग त्या रडल्या, आणि मीही.

परत आल्यावर काय उरलं म्हणाल, तर फोटो फक्त कणसाचा आहे. पुढच्या शनिवारी सेन्सेईंनी फळ्यावर ते अक्षर भलं मोठं काढलं आणि मला अर्थ विचारला.

"या दारातून सेन्सेईंना त्यांचा दादा येताना दिसायचा," मी म्हटलं.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. त्या दिवशी फळा पुसायची पाळी माझी होती. मी बाकीचं सगळं पुसलं.