मीटरचा काटा

“खरं बोल!” असं म्हणून काका माझ्या दुकानातल्या वजनकाट्याच्या काचेवर बोटाच्या पेराने टकटक करायचे. काटा असलेली कुठलीही वस्तू त्यांना स्वस्थ बसू देत नसे. भिंतीवरचं घड्याळ, पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरवरचं हवेचं मीटर, एकदा तर डॉक्टरांच्या टेबलावरचं रक्तदाबाचं यंत्र. डॉक्टर पट्ट्यातली हवा सोडताहेत आणि पेशंट काचेवर टकटक करतोय. अशा माणसाचा रक्तदाब किती भरणार, तुम्हीच सांगा.

डहाणू रोडला स्टेशनजवळ माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे. काका सरावलीच्या बाजूचे, चिकूच्या वाडीचे मालक. वाडीवर लक्ष त्यांचं बेताचंच. सगळा जीव शेडमधल्या जुन्या विलायती स्पोर्ट्स कारवर. दोन माणसांची, बिनटपाची आणि इतकी ठेंगणी, की आत बसलेला माणूस रस्त्यावरच्या कुत्र्याच्या डोळ्याला डोळा भिडवू शकेल. तरुणपणी कुणा बागायतदाराकडून हौसेने घेतलेली. तिला आजवर दुसऱ्या माणसाचा पाना लागलेला नाही, हे ते अभिमानाने सांगत.

दुकानात आले की सतत येरझाऱ्या. नट उचल, खाली ठेव, दारात जा, परत ये. रिक्षावाले म्हणायचे, “काका, बेसो ने!” त्यावर ठरलेलं उत्तर, “बसायला वेळ कुठे आहे?” आणि मग तासभर तसेच उभे. त्यांचा चहा मी अर्धाच भरायचो, कारण उरलेला अर्धा बशीत गार होणार हे ठरलेलं.

त्यांच्या पत्नीला सगळा गाव बाई म्हणतो. तलासरीकडच्या एका आश्रमशाळेत त्या निवृत्त होईपर्यंत शिकवत होत्या. रोज एसटीने जाऊन-येऊन. शांत बाई. हा भोवरा त्यांनी एवढी वर्षं कसा सांभाळला, याचं मला कायम नवल वाटायचं.

त्या बाईंना काचबिंदू झाला. लक्षात आला तेव्हा उशीर झाला होता. गेलेली नजर परत येत नाही, थेंबांनी उरलेली थोडी टिकवायची, एवढंच डॉक्टरांच्या हातात होतं. बाईंनी रडारड केली नाही. नवऱ्याजवळ एकच गोष्ट मागितली.

“पळस फुलला की मला एकदा शाळेच्या रस्त्याने न्या. जन्मभर एसटीच्या खिडकीतून बघितला. आता उघड्या गाडीतून बघायचाय.”

हे काकांनीच मला सांगितलं, दुकानात उभ्याउभ्या. सांगताना माझ्या काउंटरवरच्या स्क्रूंची त्यांनी पार खिचडी करून टाकली.

“मग न्या की,” मी म्हटलं.

“नेतो ना. पण काटा थरथरतोय.”

गाडीच्या स्पीडोमीटरचा काटा चाळीसच्या आसपास गेला की लटपटायला लागायचा. मला हसू आलं. आमच्याकडच्या निम्म्या रिक्षांचे काटे कित्येक वर्षं शून्यावर झोपलेले आहेत, धंदा काही अडत नाही. पण काका गंभीर होते. “चारोटीच्या पुढे हायवे आहे. दोन्ही बाजूंनी कंटेनर. ती शेजारी बसलेली असताना मी अंदाजाने गाडी हाकू?”

“माझी व्हॅन घेऊन जा, काका.”

“बंद डब्यातून? तिने काय मागितलंय ते ऐकलंस ना?”

मग सुरू झालं. गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत एक केबल जाते. वर नळीसारखं कव्हर आणि आत पिळाची तार. चाकाबरोबर ती तार फिरते आणि काटा हलवते. काकांनी आतली तार ओढून बाहेर काढली, डिझेलमध्ये धुतली, बोटाने पातळ ग्रीस चोळलं. मीटरकडचं टोक मात्र कोरडं ठेवलं, नाहीतर ग्रीस वर चढून मीटरच खराब करतं. काटा थरथरतच राहिला. मग तार माझ्या काउंटरच्या काचेवर ठेवून तळव्याने लाटून पाहिली. सरळ तार गुपचूप लोळते, वाकलेली एका जागी उडी मारते. ही उडी मारत होती. त्यांनी तो बाक काढला. नंतर लक्षात आलं, की डॅशबोर्डमागे केबलला फार मोठा वळसा पडलाय. तोही सैल केला. रोज सकाळी एक उपाय आणि रोज दुपारी माझ्या दुकानात येरझाऱ्या.

तिकडे पळस फुलला. तलासरीहून येणारे ड्रायव्हर माल घेता घेता सांगायचे, डोंगर पेटल्यासारखा दिसतोय. मी ते काकांना सांगायचो आणि ते वैतागायचे. “मला कशाला घाई लावतोस? लागलोय ना मी!”

शेवटी त्यांनी रविवार ठरवला. आदल्या दिवशी तार पुन्हा धुतली आणि निथळायला चिकूच्या फांदीला टांगली. आता चिकूच्या वाडीत जन्म गेलेल्या माणसाने एवढं तरी बघावं की नाही, की त्या दिवशी त्याच झाडाची तोडणी चालू आहे! फळ तोडलं की देठातून पांढरा चीक गळतो. तो सगळा तारेवर टपकला. काकांनी वरूनच ग्रीस फासलं आणि तार आत घातली. रविवारी सकाळी बाई ठेवणीतली साडी नेसून, डबा भरून पायरीवर बसल्या. काका म्हणाले, एक चक्कर मारून बघतो. सरावलीच्या बाहेर पडेपर्यंत चीक आत घट्ट चिकटला आणि तार कट्‌कन तुटली.

मी हे ऐकून हसलो. मोठ्याने हसलो. मग त्यांचा चेहरा पाहिला. मोठी माणसं रडण्याच्या बेतात आली की कशी दिसतात, ते तुम्हाला सांगायला नको.

“तसेच जा, काका. बिनकाट्याचे,” मी कळवळून म्हटलं.

“नाही जमणार रे मला.”

त्या गाडीची तार आपल्याकडे कुठली मिळायला? मुंबईत जुना माल विकणाऱ्या एकाच्या मी रोज फोन करून पाठी लागलो. एकदाची तार आली. काकांनी माझ्याच काउंटरवर ती लाटून पाहिली, जराही उडी मारली नाही. पण तोवर उन्हं तापली होती, शाळांना सुट्ट्या लागल्या होत्या आणि पळस कधीच झडून गेला होता.

तरी ते गेले. मी त्यांना दुकानासमोरून जाताना पाहिलं. बाईंनी डोक्याला रुमाल बांधला होता. मी हात केला. बाईंना तो दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी काका आले. मी विचारलं, “काटा?”

“एकदम स्थिर,” म्हणाले. हातात एकही नट नव्हता.

“तलासरीच्या अलीकडे ताडगोळेवाल्यांनी उन्हासाठी नारिंगी ताडपत्री बांधलीय,” ते म्हणाले. “ती म्हणाली, अहो, बघा, पळस केवढा फुललाय. मी म्हटलं, हो. झाड भरलंय नुसतं.”

“बरं केलंत,” असं काहीतरी पुटपुटलो.

“उशीर केला रे मी,” काका म्हणाले आणि निघून गेले.

त्यानंतर ते दुकानात फारसे फिरकले नाहीत. पावसाळ्यात त्यांना हार्ट अटॅक आला आणि हॉस्पिटल गाठायच्या आतच सगळं संपलं. सरावलीत जो तो म्हणत होता, जाण्याचीसुद्धा घाईच केली माणसाने.

मी बाईंना भेटायला गेलो. त्यांना आता उजेड आणि अंधार, एवढंच कळतं. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. बोलता बोलता माझ्याच्याने राहवलं नाही. काका त्या दिवसाबद्दल फार मनाला लावून घेऊन होते, असं मी म्हटलं. ताडपत्रीचं बोललो नाही. ते बाईंनीच काढलं.

“मे महिन्यात कुठला रे पळस? इतकी वर्षं त्या डोंगरात शिकवलंय मी.”

मी चाट पडलो. “मग तुम्ही तसं का म्हणालात?”

“मला काय, धूसर नारिंगी काहीतरी दिसलं. पण हे डहाणूपासून त्या काट्याकडेच बघत होते. माझ्याशी बोलायचे तेसुद्धा काट्याकडे बघून. नजर गेली तरी बायकोला एवढं कळतं. म्हटलं, माझं राहू दे, ह्यांनी तरी एकदा मान वर करून डोंगर बघावा.”

“केली मान वर?”

“केली,” बाई म्हणाल्या. “गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि माझा हात धरून खूप वेळ बसून राहिले.”