काहिलीतली काठी

गयामाय पाणी भरायची ती शिव्या देत. उन्हाळ्यात सकाळी ऊन चढायच्या आत आणि दुपार कलल्यावर पुन्हा, विहिरीपासून परसापर्यंत तिच्या खेपा सुरू होत आणि तोंडही सुरू होई. "या मेल्यांनो, प्या. सांडू नका, तुमच्या बापानं विहीर खांदली न्हाई." हे होल्यांना. साळुंक्यांना ती सवती म्हणायची. मुंगसाला जावई, कारण ते आलं की सगळ्यांना बाजूला सरावं लागे. आणि काळविटाला पाटील, कारण तो आधी मान वर करून चारी दिशांना बघे आणि मगच तोंड खाली घाली.

मुलांनो, माझ्या परसात उन्हाळ्यात कोण कोण येतं आणि किती वाजता येतं, याची यादी तुम्ही पत्रात मागितली आहे. यादी मिळणार नाही. का मिळणार नाही ते कळायला तुम्हाला गयामाय माहीत हवी.

निजामाच्या मुलखातल्या गोरेगावच्या बाजूला आमचं गाव, आणि गावातलं शेवटचं घर तिचं. पुढे नुसता माळ, आणि माळापलीकडे वऱ्हाडची सरहद्द. नवरा लवकर गेलेला. दोन एकर हळद आणि हळद शिजवायची एक मोठी लोखंडी काहील, एवढाच तिचा संसार. हळद शिजवून वाळत पडली की काहिलीचं वर्षाचं काम संपे. बाकीचे लोक आपापल्या काहिली पालथ्या घालून ठेवत. गयामाय मात्र ती कडुलिंबाखाली काठापर्यंत जमिनीत पुरून घेई, म्हणजे लोखंड तापत नसे, आणि वीस घागरी पाणी ओतून ती भरी. माळाकडचं काटेरी कुंपणही चैत्र लागला की दोन हात उघडून ठेवी.

काहिलीत बाभळीची एक खरबरीत काठी तिरपी टाकलेली असे, एक टोक पाण्यात, दुसरं काठावर. मला लहानपणापासून सगळं नीटनेटकं लागतं. ती काळी, शेवाळलेली काठी मला घाण वाटली, म्हणून मी ती एके दुपारी काढून ठेवली. सकाळी पाण्यात खार तरंगत होती. गयामायनं मला हाताला धरून तिथं नेलं.

"पाण्यात जायला अक्कल लागत न्हाई, माय. बाहेर निघायला काठी लागती. पानी ठेवणारानं काठी बी ठेवावी."

मला ते पटलं. निदान तसं वाटलं.

मी तेव्हा तेरा वर्षांची होते. हैदराबादला आत्याकडे राहून इंग्रजी शाळेत शिकत होते आणि सुट्टीला गावी येत होते. त्या वर्षी शाळेच्या बाईंनी सुट्टीत आसपासचे पशुपक्षी पाहून वही लिहायला सांगितली होती. मी गयामायच्या परसात बसून ती लिहिली. सुबक अक्षर, रेघा मारलेले रकाने, नाव, संख्या, यायची दिशा, वेळ. मोर आणि तीन लांडोरी, पहाटे, झुंजुमुंजू होताना. काळवीट आणि दोन हरिणी, कुंपणाच्या फटीतून, सूर्य बुडाल्यावर पाव तासाने. गयामाय विचारायची, काहून डोळे फोडून राहिलीस? मी सांगायची, शाळेसाठी. ती म्हणायची, मग लिही बापा, शाळेत पाटलाचं नाव होईल.

माझे वडील, अण्णा, गावचे पटवारी. दौऱ्यावर कुणी अंमलदार आला की तो आमच्याच ओसरीवर उतरे. वैशाखात एक साहेब आठ दिवसांच्या मुक्कामाला आले. बंदूक घेऊन आले. जेवणं झाल्यावर अण्णांनी, काही गरज नसताना, माझी वही त्यांच्या हातात दिली. लेकीचं इंग्रजी दाखवायचं होतं. साहेबांनी पानन् पान वाचलं. म्हणाले, "पटवारी, पोरगी बारिस्टर होईल तुमची." मी दाराआड उभी होते आणि आनंदाने माझे कान गरम झाले होते. ते आठवलं की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

दुसऱ्या दिवशी सूर्य बुडाल्यावर पाव तासाने आवाज झाला. एकच.

मी धावत गेले. पाटील काहिलीच्या काठावर पडला होता, तोंड पाण्यात, आणि पाणी लाल होत चाललं होतं. गयामाय घागर कमरेवर घेऊन तशीच उभी होती. साहेब कडब्याच्या गंजीआडून बाहेर आले, घड्याळाकडे बघितलं आणि माझ्याकडे बघून हसले. "शाबास. बराबर पाव तास. आता उद्या पहाटे मोर बघू, दुसऱ्या पानावरचे."

गयामायनं घागर खाली ठेवली. साहेब गडी बोलवायला गेले, तेव्हा ती माझ्याजवळ आली. ती मारेल असं मला वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"काहून लिहिलंस?"

"शाळेसाठी."

"त्या वहीत काठी ठेवली व्हतीस का?"

 

अण्णा तिला गप्प करायला गेले. साहेब आठ दिवस आहेत, तोंड सांभाळ, म्हणाले. त्यांचाही मला राग आहे. माझे वडील होते, सज्जन होते, तरी आहे. गयामाय त्यांना म्हणाली, "घाबरू नका अण्णा. सायबाला मी काय बी म्हननार न्हाई. पाटलाला सायबानं न्हाई बोलावलं. मी बोलावलं व्हतं."

आणि रातोरात तिनं काहील उपसून कोरडी केली.

पुढचे सात दिवस ती पहाटेपासून अंधार पडेपर्यंत परसात बसून होती. पदरात ढेकळं. मोर आले, तिनं ढेकळं मारली. हरिणी फटीशी येऊन उभ्या राहिल्या, तिनं डबा बडवून त्यांना हाकललं. होले कोरड्या काहिलीत उतरून चोची आपटत होते, त्यांनाही उडवलं. जिला त्यांना शिव्या दिल्याशिवाय पाणी पाजता येत नव्हतं, ती त्या सात दिवसांत एक शब्द बोलली नाही. साहेबांना काही मिळालं नाही. ते गेले तेव्हा म्हातारी वेडी आहे असं म्हणून गेले.

ते गेल्यावर तिनं कुंपण बुजवलं आणि काहील पुन्हा भरली. पाखरं चार दिवसांत आली. हरिणी त्या वर्षी आल्या नाहीत, पुढच्या वर्षीही नाहीत. मी वही चुलीत घातली. शाळेत बाईंनी विचारलं तेव्हा हरवली म्हणाले. गयामाय माझ्याशी कामापुरतं बोले. परसात कधी बोलावलं नाही.

मग अठ्ठेचाळीसचा उन्हाळा आला. मी कॉलेजची परीक्षा देऊन गावी आले होते. निजामाच्या मुलखात त्या वर्षी माणसाला माणसाचं भय होतं. गावोगावची माणसं, गाठोडी आणि लेकरं घेऊन, माळ ओलांडून निजामाच्या हद्दीबाहेर, वऱ्हाडात, पळून जात होती. माळाआधीचं शेवटचं पाणी म्हणजे गयामायची काहील. तिनं कुंपण पुन्हा उघडलं होतं. आमच्या ओसरीवर तिचा आवाज ऐकू येई: "प्या मेल्यांनो. सांडू नका."

आणि तेच साहेब पुन्हा दौऱ्यावर आले. केस पांढरे झाले होते, हसू तेच होतं. चहा पिता पिता मला म्हणाले, "बाई, तुमची ती वही चालू आहे का? माळाकडे हल्ली कोण जातं, किती वाजता जातं, तुम्हाला नक्की ठाऊक असेल."

अण्णांनी मान खाली घातली.

"नाही साहेब," मी म्हणाले. "मी काही लिहीत नाही."

"लिहू नका. नुसतं सांगा."

"मी त्या बाजूला बघतच नाही."

खोटं होतं. रोज बघत होते, आणि माझी सवय अशी की मनातल्या मनात रकानेही पडत होते. कोणत्या गावचे, किती, कितव्या प्रहरी. ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही.

साहेब आत आडवे झाले, तशी मी मागच्या दारानं गयामायकडे गेले. साहेबांनी काय विचारलं आणि मी काय म्हणाले ते सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. काहिलीतली काठी सरकली होती, ती नीट तिरपी लावली. मग दुसरी घागर उचलून माझ्या हातात दिली.

"मग उभी काहून? भर."