पन्नास ओहमचा रेझिस्टर

मी तेहतीस वर्षं तंजावरच्या एका पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. मला लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नाही.

नोकरी देताना कुणी विचारलं नाही, आणि आपण होऊन सांगायला मी काही हरिश्चंद्र नव्हतो. अडचण एवढीच होती, की रेझिस्टरवर त्याची किंमत आकड्यांत लिहिलेली नसते. तांदळाएवढ्या त्या तुकड्यावर रंगांचे पट्टे असतात आणि प्रत्येक रंग म्हणजे एक आकडा. काळा शून्य, तपकिरी एक, लाल दोन, असं करत हिरवा पाच आणि निळा सहा. पहिले दोन पट्टे जसेच्या तसे वाचायचे, तिसरा सांगेल तेवढी शून्यं पुढे मांडायची. मला यातले निम्मे रंग चिखलासारखे दिसतात. निळा तेवढा कळतो, पण एका निळ्यावर पगार मिळत नाही.

वर्गात मी युक्ती काढली. मुलांनाच पुढे बोलावून पट्टे मोठ्यानं वाचायला लावायचो. मुलांकडून करून घेणारा मास्तर म्हणून माझं नाव झालं. बाकीचं शिकवणं सोपं होतं. मुलं कावेरीकाठच्या गावांतून यायची. बॅटरी रेटते, एलईडी मिळेल तेवढा करंट पिऊन जळून जातो, म्हणून वाटेत रेझिस्टर घालायचा, हे त्यांना समजावावं लागत नसे. पाटाची फळी किती उघडायची हे ती माझ्यापेक्षा जास्त जाणत होती.

खरी पंचाईत प्रॅक्टिकलनंतर व्हायची. शेकडो रेझिस्टर एकात एक मिसळून परत यायचे. ते मी शनिवारी टिफिनच्या डब्यात भरून घरी न्यायचो आणि रविवारी दुपारी बायको ते निवडून द्यायची. माझं गुपित तिला एकटीलाच ठाऊक होतं. ती रंग सांगायची, मी आकडा करायचो. आमच्या घरच्या जुन्या तंजावरी मराठीत तपकिरीला शब्द नव्हता, म्हणून ती त्याला डिकाक्षन म्हणायची, म्हणजे दूध न घातलेला काफीचा अर्क. नारिंगी म्हणजे दूध घातलेली काफी. पुस्तकात असं काही नाही, पण तिची चूक कधी झाली नाही.

दरम्यान इलेक्ट्रॉनिक्सचा इतिहास आपल्या वाटेनं चालला होता. माझ्या मास्तरांच्या काळी काचेचे व्हॉल्व्ह तापायची वाट बघावी लागे. माझ्या काळी ट्रान्झिस्टर आले, मग एका चिपमध्ये हजारो ट्रान्झिस्टर मावू लागले. शेवटी रेझिस्टर इतके बारीक झाले, की त्यांवर पट्टे काढणं जमेना आणि कारखान्यांनी सरळ आकडे छापायला सुरुवात केली. जगानं माझी सोय केली ती मी निवृत्त झाल्यावर.

त्याच्या पुष्कळ आधी मी एक डिजिटल मीटर विकत घेतला होता. रेझिस्टरच्या दोन टोकांना दोन तारा लावल्या, की आकडा समोर. रंगांची गरजच संपली. पण मीटर मी टेबलाच्या खणात ठेवला आणि बायकोला सांगितलं नाही. आमच्या मुलांना मराठी समजते, उत्तर मात्र तमिळमध्ये येतं; मराठीत बोलायला घरात आम्ही दोघंच. आठवडाभर आम्ही दोघं भाजी, गॅस आणि औषधं यांपलीकडे बोलत नव्हतो. रेझिस्टर निवडताना मात्र ती माहेरचं बोलायची, शेजारणीच्या नकला करायची, मला टोमणे मारायची. मला ती दुपार हवी होती. म्हणून निवृत्तीनंतरही मी शेजाऱ्यांचे दिवे दुरुस्त करायला घ्यायचो आणि तिला हाक मारायचो.

अलीकडे ती चुकू लागली. मागाहून मीटर लावून मी गुपचूप दुरुस्त करायचो. मला वाटलं, ती कंटाळली आहे, लक्ष नाही. कुणाला दोष देणार? माझ्यासारख्या माणसाबरोबर इतकी वर्षं रेझिस्टर निवडून कुणीही कंटाळेल. पण वाईट वाटलं.

मग एका रविवारी ती म्हणाली, "हिरवें, काळें, पुन्हा काळें."

पाच, शून्य, आणि तिसरा काळा म्हणजे पुढे एकही शून्य नाही. पन्नास ओहम. मी पुन्हा हिशेब करून पाहिला. पन्नासच. पण दुकानांत सत्तेचाळीसनंतर एक्कावन्न आणि छप्पन मिळतो, पन्नास कुणी बनवतच नाही.

"खिडकीपाशीं येऊन पाहा बरें," मी म्हणालो.

ती आली, डोळ्याशी धरून पाहिलं. "मधलेंही काळेंच आहे."

मधला पट्टा निळा होता. तेवढा तर मलाही दिसत होता.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, चांगला पिकलेला. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून दिसत नाही? ती म्हणाली, दोन वर्षं झाली. आणखी थांबलात तर ऑपरेशन अवघड होईल, असं त्यांनी बजावलं. बाहेर बाकावर आम्ही तारखेच्या चिठ्ठीची वाट बघत बसलो. मला राग आला होता, त्याहून जास्त भीती वाटत होती.

"दोन वर्षें रंग कसे सांगितलेस?"

"दिसले ते सांगितले. बाकीचे तोंडास आले ते. तुम्ही मागाहून मीटर लावतां, तें मला ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"आणलात त्या दिवसापासून."

"मग डोळ्यांचें बोलली कां नाहीस?"

तिनं पिशवीचा बंद नीट केला. "बोललें असतें तर पुन्हा रविवारीं हाक मारली असती का?"

मी 'हो' म्हणालो. म्हणायला जरा वेळ लागला, आणि ते तिला दिसलं.