मशीनची सावली

"हँडल कुठी ठेवलं ते सांग पहिले. बाकीचं मंग बोलजो."

"नाई सांगत."

"भागीरथा, उद्या भर बाराचा मुहूर्त आहे. धुमालवाल्या नागसेनले जबान देली मी."

"मले इचारून देली काय? जबान द्याले तुम्ही, अन् सलाईनच्या बाटलीखाली बसाले मी!"

मोतीलाल अंगणात जनरेटरच्या चाकाला टेकून उकिडवा बसला होता. दवाखान्यातून येऊन त्याला आठवडाही झाला नव्हता. रागाने बोलायला लागला की मान लटपटायची आणि हात आपोआप कपाळाकडे जायचा. तो हात तिला दिसू नये म्हणून तो अधूनमधून टोपी नीट करत होता. पण भागीरथाला दिसायचं ते दिसत होतं. ती खाटेवरच्या कुरडया सुपात गोळा करत होती. पूर्वी कुरडयांना दोन-तीन उन्हं दाखवावी लागत. आता सकाळी घातल्या की दुपारी हातात घेताच चुरा होत होता.

हँडल म्हणजे मशीन सुरू करायचा लोखंडी दांडा. तो तिने ज्वारीच्या कोठीत, अगदी तळाशी पुरून ठेवला होता.

"घरात चोर निघाला बाप्पा," मोतीलाल म्हणाला.

"निघाला. जा, रिपोर्ट लिहा."

पवनारच्या रस्त्याला लागून असलेल्या त्या वस्तीत मोतीलालचं घर विचारलं तर लोक 'जनरेटरवाल्याचं' म्हणूनच दाखवत. लग्नसराईत त्याची मशीन धुमालच्या गाडीमागे चालायची. धुमाल म्हणजे ढोल, ताशे, कॅसिओ आणि घराच्या भिंतीएवढे भोंगे लादलेला मेटाडोर. त्या भोंग्यांना वीज पुरवायची मोतीलालच्या मशीनने. पुढे धुमाल, त्याच्यापुढे नाचणारी पोरं, घोडीवर नवरदेव, आणि सगळ्यांच्या मागे, धुमालच्या गाडीला अडकवलेली मशीन आणि तिच्याबरोबर पायी चालणारा मोतीलाल. वऱ्हाड्यांच्या अंगावर धूर जाऊ नये म्हणून धुराची नळी मागच्या बाजूला वळवलेली असायची. मागे कोण चालतं, हा प्रश्न नळी वळवताना कोणाला पडला नव्हता. ती वळवली होती मोतीलालनेच.

भागीरथा वडनेरहून लग्न होऊन आली तेव्हा मशीन नव्हती. सासऱ्यांचा गॅसबत्त्यांचा धंदा होता. रॉकेल भरायचं, पंप मारायचा, मेंटलची जाळी पेटली की फुसफुसणारी बत्ती डोक्यावर घेऊन बायांनी वरातीच्या दोन्ही बाजूंनी चालायचं. अंगावरची हळद निघाली नव्हती तेव्हाच सासूने तिच्या डोक्यावर चुंबळ ठेवली होती. बत्तीची धग टाळूत उतरायची, रॉकेलचा वास तिसऱ्या दिवसापर्यंत केसांतून जात नसे. तिच्या माथ्यावरचे केस तेव्हा जे विरळ झाले ते पुन्हा दाट झाले नाहीत. पण वराती तेव्हा संध्याकाळच्या असत. डोक्यावर आग असली तरी पायाखालची माती निवलेली असे. धाम नदीकडून वारा यायचा. बाया एकमेकींना चिमटे काढत, नवरदेवाच्या मामाची नक्कल करत घरी यायच्या.

मग सासरे गेले, रॉकेल मिळेनासं झालं, आणि मोतीलालने मशीन आणली. त्या दिवशी भागीरथाने मशीनला कुंकू लावलं, नारळ फोडला. डोक्यावरचं ओझं चाकांवर आलं, याचा तिला कोण आनंद झाला होता. सुरभी तेव्हा पोटात होती. तिचं बारसं, तिची शाळा, तिचं नर्सिंगचं कॉलेज, सगळं त्या मशीनने ओढलं. लोकांच्या घरी बैल असतो तसं हे काळं, तेलकट जनावर अंगणात उभं असायचं, आणि ते डिझेल पितं म्हणून घर जेवायचं, हे भागीरथा कधी विसरली नाही. म्हणूनच हँडल लपवताना तिचा हात एकदा थबकला होता.

पण तो दिवसही ती विसरू शकत नव्हती.

वरात सेलूच्या बाजूची होती. मुहूर्त बाराचा, आणि मंडपापासून हाकेच्या अंतरावर नवरदेवाच्या भावांनी एकेक गाणं मागून घेत वरात अडवून धरली होती. डांबर चपलांना चिकटत होतं. रस्ता रुंद झाल्यापासून दोन्हीकडचे कडुनिंब गेले होते. सावली म्हणून म्हणावी अशी जागाच नव्हती. ऊन लागू नये म्हणून मोतीलालच्या दोन्ही खिशांत कांदे होते, डोक्याला ओला दुपट्टा होता. तरी तो अडखळला, काहीतरी असंबद्ध बोलायला लागला. दोघा-चौघांनी धावत येऊन त्याला धरलं आणि सावलीत बसवलं.

सावली एकच होती, मशीनची.

मशीन चालू होती. तिचा पंखा आतली सगळी वाफ त्याच बाजूला फेकत होता, वर धुराची नळी. माणूस सावलीत आहे म्हटल्यावर सगळे निर्धास्त झाले. शेवटचं गाणं संपेपर्यंत तो तिथेच बसून होता. गाणं संपलं, नागसेनने मशीन बंद करायला हात घातला, तेव्हा मोतीलाल आडवा झालेला होता आणि अंगाला हात लावला तर चटका बसत होता.

सावंगीच्या दवाखान्यात त्याच्या अंगावर बर्फाच्या पिशव्या ठेवल्या होत्या. डॉक्टरांनी खिसे रिकामे करून कांदे भागीरथाच्या हातात दिले. ते नुकतेच चुलीतून काढल्यासारखे मऊ झाले होते.

"बाबा, डॉक्टर काय म्हणाले ते आठवते ना?" सुरभी दारातून म्हणाली. ती ड्यूटीवरून नुकतीच आली होती. चेहऱ्याचा दुपट्टाही सोडला नव्हता, नुसते डोळे दिसत होते. "एकदा झालं त्याले दुसऱ्यांदा लवकर होते. वॉर्डात खाट नाई राह्यली आमच्या. सारे उन्हाचेच पेशंट."

"उन्हाळा काय आजच निघाला काय?"

"असा नव्हता. रात्री तरी थंड होत होतं. तुम्हीच सांगत होते ना, आम्ही मे महिन्यात चादर घेऊन झोपत होतो म्हणून? आता माठातलं पाणी थंड होत नाई रात्रभर. हे जे सारे मिळून जाळून राह्यलो आपण, डिझेल म्हणा, कोळसा म्हणा, त्याचंच होऊन राह्यलं हे."

मोतीलाल हसला. हसताना त्याला धाप लागली.

"म्हंजे माझ्या एका मशीननं दुनिया तापली? अन् तुझी कॉलेजची बस कायनं चालते वं? गोमूत्रानं?"

"मी कुठं म्हटलं तुमच्या एकट्यानं..."

"परवा लाइन गेली तवा पाटलाच्या घरचा कूलर कोणं चालवला? ह्याच मशीननं. त्याची माय हात जोडत होती मले. ऊन वाढलं म्हून लाइन जाते, लाइन जाते म्हून मशीन लागते. ऊन हाय म्हून आपलं चूल्हं पेटते, पोट्टे. त्याले शिव्या नोको देऊ."

आपल्या वॉर्डातला एसीही कुठल्या तरी धुरावरच चालतो हे सुरभीला माहीत होतं, आणि बापाचा श्वास मोजण्यातच तिचं अर्धं लक्ष होतं. तिने त्याला लिंबू-मिठाचं पाणी आणून दिलं.

तेवढ्यात नागसेनची मोटारसायकल अंगणात येऊन थांबली. धुमाल पार्टी त्याची. त्या दिवसापासून तो भागीरथाच्या डोळ्यांना डोळा देत नसे. आजही त्याने मशीनकडे पाहूनच बोलायला सुरुवात केली.

"वैनी, रागावू नोका. मी इलाज काढला. दादा नाई येत उद्या."

"मंग मशीन?"

"मशीन येते. मागे जंगू राहीन. टोलीच्या वस्तीतला, विटाभट्टीवर होता तो. उन्हाची सवय आहे त्याले. दादा फक्त सकाळी चालू करून देतीन, अन् घरी."

मोतीलालने पायाच्या अंगठ्याने माती उकरली. माणूस हरला की तसं करतो. भागीरथा त्याला ओळखून होती.

तिच्या छातीवरची धोंड उतरली. इतकी सरळ गोष्ट कोणाला सुचली कशी नाही! ती आत गेली, कोठीत कोपरापर्यंत हात घालून दांडा वर काढला आणि बाहेर येऊन मोतीलालच्या पुढ्यात ठेवला.

"घ्या तुमचा ऐवज."

"ज्वारीत ठेवला होता?" त्याने दांड्यावरचे दाणे झटकले. "पुढच्या भाकरीले डिझेलचा वास मारन."

"इतके वर्सं मारतच आहे. आता काऊन नाक मुरडता?"

नागसेन हसला, सुरभीही हसली. कित्येक दिवसांनी घरात कोणी हसलं. भागीरथाने चहा टाकला. साखर जरा जास्तच पडली.

दिवेलागणीला सखू आली. जंगूची बायको. टोलीतून इथवर चालत आल्याने तिचा चेहरा तापून काळवंडला होता, पण डोळे खूश होते. ती अंगणात न येता कुंपणाशीच उभी राहिली. भागीरथा पाण्याचा गडू घेऊन बाहेर गेली.

"बाई, लय उपकार झाले. भट्टी बंद झाल्यापासून बसूनच होते ते."

"उपकार कायचे वं. पाणी पे."

सखूने गडू वरून ओतत सगळं पाणी एका दमात संपवलं. तोंड पुसलं. मग जरा जवळ येऊन हळूच म्हणाली,

"एक इचारू काय बाई? तुमच्या घरचं काम आहे, तुमाले ठाऊक राहीन. त्याईले कोण्या बाजूनं चालाले सांगू? म्हंजे गरम लागत नाई अशी बाजू कोणती हाय मशीनची?"

भागीरथाने सांगायला तोंड उघडलं. डावीकडून, म्हणणार होती ती. पण डावीकडे पंखा होता. उजवीकडे इंजिनाचं झाकण तापून भाजायचं. मागे नळी. पुढे गाडीचा धूर. मनातल्या मनात ती मशीनभोवती एक फेरा मारून आली, आणि दुसराही मारला.

सखू वाट पाहत होती. चुलीवरचं दूध कुठून उतू जातं असं विचारावं, इतक्या साधेपणाने.

"अन् चक्कर आलीच, तर कुठी बसवतीन त्याईले? लोक राह्यतीन ना तिथं?"

"राह्यतीन," भागीरथा म्हणाली.

तिला आपला आवाज परका वाटला. मघाशी चहात साखर घालताना आपल्याला किती हलकं वाटलं होतं, ते तिला आठवलं. मोतीलालला सावलीत बसवणारे लोकही चांगलेच होते. कोणी वैऱ्याने बसवलं नव्हतं.

"सखू, जंगूले सांग, उद्या नोको येऊ म्हणा."

सखूच्या चेहऱ्यावरची खुशी पुसली गेली. "काऊन बाई? कोणी काही सांगतलं काय त्याईचं? पीत नाईत ते आता."

"कोणं काही नाई सांगतलं. काम नाई आहे."

"दुसऱ्याले देलं?"

"कोणालेच नाई."

सखूचा विश्वास बसला नाही. ती रिकामा गडू कुंपणाच्या खांबावर ठेवून निघून गेली. जाताना तिने मागे वळून पाहिलं नाही. उद्या टोलीत आपल्याला काय म्हणतील, ते भागीरथाला कळत होतं. म्हणू देत. त्यांच्या ठिकाणी तीही तेच म्हणाली असती.

ती घरात आली. कूलर खडखडत गरम वारा फेकत होता. मोतीलाल खाटेवर पडला होता, सुरभी त्याची नाडी पाहत होती, नागसेन उद्याच्या गाण्यांबद्दल कोणाशी तरी फोनवर बोलत होता. भागीरथाने कूलर बंद केला. अचानक झालेल्या शांततेत तिघांनीही वर पाहिलं.

"उद्याच्या वरातीले आपली मशीन नाई जात. जंगू बी नाई. सखूले मी सांगतलं तसं."

नागसेनने फोन कानापासून दूर केला. "वैनी, आता ऐन वेळेवर? मले दुसऱ्याची मशीन आणा लागन. वरात काही थांबत नाई."

"आणा."

"मंग तिच्या मागेबी कोणी तरी चालनच ना?"

"चालन," ती म्हणाली. "ते मले थांबवता येत नाई."

मोतीलाल उठून बसला. "दुपारच्या सोडल्या तर सीझनमधी राह्यते काय आपल्याले? सारे मुहूर्त दुपारचेच. पोट्टीचं शेवटचं वर्ष आहे. खाचं काय, शिकवाचं कायनं?"

"माहीत नाई."

"माहीत नाई म्हंते पाय! धंदा बुडवते अन् माहीत नाई म्हंते!"

सुरभीने आईकडे पाहिलं. पण बापाचा हात तिने सोडला नाही. नागसेन दाराकडे सरकला. या घरातल्या भांडणाची धग आपल्याला नको, असं त्याच्या पाठीवर लिहिलेलं होतं. मोतीलाल अजून बोलत होता. बापाचं नाव, गॅसबत्त्या, इतक्या वर्षांची गिऱ्हाइकं, सगळं निघालं. भागीरथाने सगळं ऐकून घेतलं. त्याचा श्वास संपून तो थांबला तेव्हा ती म्हणाली,

"दिवस बुडाल्याशिवाय आपली मशीन या अंगणातून निघणार नाई. तुमच्यासंग नाई, अन् दुसऱ्या कोणासंगबी नाई."

आणि ती भाकरी थापायला आत गेली.