पहिल्याच विचारण्याला

आमचे हे कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात नोकरीला होते. निवृत्त झाल्यावर यांच्या डोक्यात एकच खूळ शिरलं. परदेशातल्या एखाद्या खेड्यात जाऊन दहा दिवस निवांत राहायचं, स्थळं बघत पळायचं नाही. मी कशाला मोडता घालू? सोलापूरच्या उन्हातून उठून आम्ही इटलीत, डोंगरावरच्या एका शेतघरात जाऊन पडलो.

घरमालकीण आमच्याच वयाची, एकटी राहणारी. ती तिच्या भाषेत मोबाइलशी बोलायची आणि मोबाइल आम्हाला पुस्तकी मराठीत सांगायचा. आम्ही शाकाहारी, हे तिला आधीच कळवलं होतं. पहिल्या दुपारी तिनं भट्टीतून तांब्याची भली मोठी परात काढली. तीत चण्याच्या पिठाचा जाड पोळा, वर ऑलिव्हचं तेल आणि मिरेपूड. आपलं धिरडंच की, फक्त भट्टीत भाजलेलं. वासानंच माझी भूक खवळली. तिनं विचारलं, वाढू का? मी हसून नको म्हटलं.

आता पहिल्याच विचारण्याला कोण हो म्हणतं? आमच्याकडं पाहुणा तीनदा नको म्हणतो, ताटावर हात आडवा धरतो, आणि आपण बोटांच्या फटीतून वाढतो. ही बया मात्र मान डोलावून परात घेऊन गेली. यांनी तीन तुकडे हाणले.

दुसऱ्या दिवशी घेवड्याची पातळ उसळ, पालेभाजी भरलेली पोळी. तेच झालं. मी खोलीत जाऊन बॅगेतली शेंगाचटणी ब्रेडला लावून खाल्ली आणि त्या बाईला मनातल्या मनात चार शब्द सुनावले.

तिसऱ्या दिवशी जेवायला बसल्यावर मी यांना सांगून टाकलं, "आपण परत जाऊ. माझं हितं भागत न्हाय."

यांचा चेहरा उतरला. या दहा दिवसांसाठी ह्या माणसानं किती वर्षं वाट बघितली होती, मला ठाऊक होतं. पण भुकेपुढं त्यांची कीव येईना.

"का? जेवण लई चांगलंय की."

"मला कोण वाढतंय?"

"तूच नको म्हणतीस."

"म्हणजे काय? एकदा नको म्हटलं म्हणून परत विचारायचंच न्हाय?"

त्यांना खरोखरच कळलं नव्हतं. मग सावकाश म्हणाले, "मग घरी नको म्हणतीस, तवा?"

घरी मी सगळ्यांचं झाल्यावर बसते. पुरणपोळी शेवटची एकच उरली की हे विचारतात, तू घेतीस का? मी नको म्हणते आणि हे खातात. चाळीस वर्षं हेच चाललंय. मला वाटायचं, यांना सगळं कळतं आणि तरी खातात. त्याचा मला राग होता, चांगलाच राग होता, आणि मी तो कधी बोलून दाखवला नव्हता. पण आग्रह करायचं काम आमच्या घरात बायकांचं. यांना जन्मभर आग्रहानं वाढलं गेलं, यांनी कुणाला कधी वाढलं नाही. हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

"तवाबी पाहिजे असायचं," मी म्हटलं.

"दर वेळेस?"

"दर वेळेस न्हाय. बऱ्याचदा."

त्यांनी हातातला ब्रेडचा तुकडा ताटात ठेवला. तेवढ्यात घरमालकीण परात घेऊन आली. तिनं मला विचारलं आणि मी हो म्हटलं. तिनं आनंदानं दोन मोठे तुकडे वाढले, मी ते गरमागरम खाल्ले. मग तिनं यांना विचारलं. यांनी नको म्हटलं. ती गेल्यावर मी विचारलं, आणि थोड्या वेळानं आणखी एकदा विचारलं. त्यांना खरंच नको होतं.