आमच्या बुढीचे दोन तास

ती गेली त्या दिवशी दुपारी आम्ही दोघं नवरा-बायको ओट्यावर लाखोरीच्या शेंगा सोलत होतो अन् भांडत होतो. दुसऱ्याच्या घरात आमच्या बुढीएवढं नाक खुपसणारी बाई अख्ख्या सानगडीत झाली नाही. हे मी तिच्या तोंडावरच सांगत आलो.

लेकरू दिवस भरायच्या आधी जन्मलं असं कानावर आलं की घरची भाजी जळणार, हे ठरलेलं. अंगणवाडीतली मदतनिशी सुटली, सवय सुटली नाही. उकळलेली वाटी अन् चमचा धुतल्या फडक्यात गुंडाळून निघायची. कोणी लेकराला मध चाटवत असेल तर बाटलीच उचलून आणायची. तशा चार बाटल्या मी भाकरीसंग संपवल्या. एका मिशीवाल्या ट्रॅक्टरवाल्याला तिनं सदरा काढून लेकरू छातीशी बांधायला लावलं.

तो म्हणाला, "आजी, लोकं हासतीन."

"हासू दे. तुह्या छातीवरच्या केसायचा काही तं उपयोग होऊ दे."

तिनं पाहिलेली शेवटची पोरगी शेजारच्या सुनेची. मूठभर जीव, ओढायची ताकद नाही. आईनं दूध काढायचं, वाटीत घ्यायचं, चमच्यानं दर दोन तासांनी पाजायचं. वजन उतरलं तर परत भरती, असं डॉक्टरीणबाईनं बजावलं होतं. सून घाई करायची. बुढी तिचा हात धरायची. "धानाच्या कवळ्या पऱ्ह्यायले एकदम पाणी सोडते काय वं? गिळू दे तिले, मंग दुसरा चमचा."

त्या दुपारी मी म्हटलं, "तुले आपलं घर हाये का नाई?"

"हाये ना. त्यात तुमी हाये, म्हणून तं तिकडं बरं वाटते."

संध्याकाळी शेजारून आली, पाणी मागितलं. मी गडवा आणेपर्यंत बसल्या जागी संपली होती.

सकाळी अंगण माणसांनी भरलं. शेजारची सून बुढीच्या पायाशी रडत होती.

मी विचारलं, "पोरीले कवा पाजलं?"

ती आणखीच रडू लागली.

"रडाले दिवस पडला हाये. ऊठ."

तिला घेऊन तिच्या घरी गेलो. सासू दारात आडवी आली. "मयतीतून आली थे. आंघोळ केल्याबिगर लेकराले शिवाचं नाई."

"हात धू म्हणा साबणानं. आंघोळ मंग."

"इटाळ हाये, भाऊजी."

"इटाळ माह्या घरी हाये. पोरगी उपाशी तुमच्या घरी हाये."

ती बाजूला सरली. मी ओट्यावर दाराकडे पाठ करून बसलो. बराच वेळ गेला. घरून दोनदा बोलावणं आलं, उठलो नाही.

आतून सून म्हणाली, "बाबाजी, पेली."

मग बुढीला उचलायला घरी गेलो.